डिनो २४६ जीटीचा गहाळ झालेला डावा बंपर: आकाराचा शोध आणि पत्र्यातील पुनर्निर्मिती

या प्रकरणातील गाडी १९७१ सालची, एम मालिकेतील (म्हणजे सुरुवातीच्या उत्पादनातील) डिनो २४६ जीटी ही फेरारीची स्पोर्ट्स कार आहे. तिच्या नाकाच्या उजव्या बाजूचा बंपर जागेवर होता, डाव्या बाजूचा नव्हता. पूर्वी केव्हातरी गाडीला डावीकडून धडक बसली होती, तिथला पत्रा दुरुस्त झाला होता आणि बंपर मात्र परत बसवला गेला नव्हता. उजव्या बंपरची आरशातल्यासारखी उलट प्रत काढून डावीकडे लावावी, अशी मालकांची साधी अपेक्षा होती. प्रकरण सविस्तर मांडण्याचे कारण असे की ही अपेक्षा अक्षरशः पाळली असती तर अत्यंत काटेकोर मापाचा, पण त्या गाडीवर कधीही नीट न बसणारा भाग हाती आला असता.

गाडीची बांधणी कशी झाली हे लक्षात घेतल्याशिवाय हा मुद्दा कळत नाही. एन्झो फेरारी यांचा १९५६ मध्ये तरुणपणीच वारलेला मुलगा अल्फ्रेदो ऊर्फ डिनो याच्या नावाने ही गाडी निघाली. चालकाच्या पाठीमागे आडवे बसवलेले व्ही६ इंजिन हे तिचे वैशिष्ट्य. आधीच्या २०६ जीटीचे अंग ॲल्युमिनियमचे होते आणि तिची निर्मिती दीडशेच्या आसपासच थांबली. १९६९ पासून १९७४ पर्यंत निघालेल्या २४६ चे अंग पोलादी पत्र्याचे आणि दोन्ही आसांमधील अंतर ६० मिलिमीटरने जास्त म्हणजे २३४० मिलिमीटर होते. रेखाटन पिनिनफारिना या इटालियन रेखाटनसंस्थेचे आणि अंगाची बांधणी मोडेना येथील स्कालियेत्तीच्या कारखान्यात झालेली. तिथे पत्रे साच्यांवर घडवले जात असले तरी जोड, कडा आणि शेवटची गोलाई कारागिरांच्या हातोडीने आणि कानशीने ठरत असे. त्यामुळे या गाड्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंत काही मिलिमीटरचा फरक असणे हा दोष मानता येत नाही. ती त्या बांधणीची खूण आहे आणि पुनर्बांधणी करणाऱ्याने ती जपली पाहिजे, अशी माझी ठाम धारणा आहे.

डिनोचा पुढचा बंपर सलग पट्टी नसून दोन स्वतंत्र तुकडे असतात. प्रत्येक तुकडा बारीक, क्रोम केलेल्या पोलादाचा, जाळीच्या बाजूने सुरू होऊन नाकाच्या गोलाईबरोबर वळत मडगार्डच्या कुशीकडे जातो. सुरुवातीच्या मालिकांत त्याचे आतले टोक जाळीच्या तोंडात शिरलेले दिसते, तर पुढच्या उत्पादनात ते तोंडाच्या कडेशीच थांबते. एम मालिकेच्या गाडीला नंतरच्या नमुन्याचा बंपर लावला तर सामान्य माणसाला काही जाणवणार नाही, पण जाणकाराच्या नजरेत तो पहिल्याच क्षणी खुपतो. म्हणून कोणत्या नमुन्याचा भाग हवा हा प्रश्न सर्वांत आधी निकाली काढावा लागला.

तयार भाग का चालला नाही

डिनोसाठी नव्याने बनवलेले बंपर बाजारात मिळतात. योग्य नमुन्याचा एक तयार तुकडा तात्पुरता मिळवून गाडीला लावून पाहिला. आतले टोक जाळीच्या तोंडात ठीक बसले, पण बाहेरचे टोक मडगार्डपासून स्पष्टपणे सुटून राहिले. ते दाबून जवळ आणले की मधला भाग उचलला जाई आणि वरच्या कडेची रेषा तुटे. बनवणाऱ्याचे काम वाईट नव्हते. असा भाग कोणत्यातरी एका गाडीवरून उतरवलेला असतो आणि त्या गाडीचे नाक दुसऱ्या गाडीच्या नाकासारखेच असेल याची खात्री कोणालाही देता येत नाही. वेड्यावाकड्या ताणात बोल्टने आवळून बसवलेला बंपर काही काळ जागेवर राहतोही, परंतु तो ताण ब्रॅकेटवर आणि रंगावर सतत येत राहतो आणि पुढे त्याच ठिकाणी तडे जातात.

स्टेनलेस पोलादाचा पर्यायही विचारात घेतला. त्याला गंज लागत नाही, मुलाम्याचा खर्च वाचतो आणि रोज वापरल्या जाणाऱ्या गाडीसाठी तो निवडण्यात काहीच गैर नाही. मात्र पॉलिश केलेल्या स्टेनलेसची झाक किंचित पिवळट-करडी असते, क्रोमची निळसर. शेजारी मूळ क्रोमचा तुकडा असताना हा फरक लपत नाही. काचतंतूंचा (फायबरग्लासचा) भाग करून त्यावर चकाकी देण्याचा मार्ग तर लगेच बाजूला ठेवला, कारण बंपर हलका असला तरी तो धातूचाच हवा. बोटाने टिचकी मारल्यावर येणारा आवाजसुद्धा त्या गाडीचा भाग असतो.

आकाराचे पुरावे आणि त्यांची विश्वासार्हता

हरवलेल्या भागाचे मूळ रेखाचित्र हाताशी नव्हते, म्हणून आकाराचे चार पुरावे गोळा केले: याच गाडीचा उजवा बंपर, गाडीचे डावे नाक आणि त्यावरील ब्रॅकेटच्या खुणा, त्याच मालिकेच्या दुसऱ्या एका गाडीचा मापापुरता उसना मिळालेला डावा बंपर आणि अपघातापूर्वीची दोन जुनी छायाचित्रे. यांतला एकही पुरावा सर्वस्वी विश्वासार्ह नव्हता. या प्रकरणातील खरे काम पत्रा ठोकण्याचे नसून, कोणत्या पुराव्याचे कोणत्या बाबतीत ऐकायचे हे ठरवण्याचे होते.

उजवा बंपर प्रथम मागून पाहिला. बंपरची पुढची बाजू पॉलिशमुळे सगळा इतिहास पुसून टाकते. मागची बाजू मात्र हातोडीचे ठसे, जुने वेल्डिंग आणि उष्णतेचे डाग जपून ठेवते. बाहेरच्या टोकाकडील साधारण एक तृतीयांश भागावर सरळ केल्याच्या खुणा दिसल्या आणि तिथल्या कडा बफिंगमुळे (फिरत्या कापडी चाकावर घासून चकाकी आणल्यामुळे) मऊ झालेल्या होत्या. याचा अर्थ त्या भागातील वक्रता मूळची आहे असे गृहीत धरता येत नव्हते. आतल्या टोकाकडचा भाग मात्र अस्पर्श होता.

डाव्या नाकाचा प्रश्न याहून अवघड होता. चुंबकीय जाडीमापकाने रंग तपासला असता हेडलाइटची खोबण आणि जाळी यांच्या मधल्या पट्ट्यात अनेक मिलिमीटर पुट्टी आढळली. केवळ पुट्टी सापडली म्हणून घाबरण्याचे कारण नव्हते, कारण त्या काळच्या इटालियन कारखान्यांतही गोलाई एकसारखी करण्यासाठी पातळ भर दिली जात असे. पण इथला थर जाड होता, त्याची सीमा ठळक होती आणि मडगार्डच्या आतून पाहिल्यावर त्याच जागी चुण्या पडलेला पत्रा आणि नंतरचा वेल्डिंगचा जोड दिसत होता. म्हणजे बंपर ज्या पृष्ठभागाला समांतर बसवायचा, तो पृष्ठभागच कुणीतरी अंदाजाने तयार केलेला होता.

गाडीचे नाक, उजवा बंपर आणि उसना बंपर या सर्वांचे त्रिमितीय स्कॅनिंग केले. क्रोमवर प्रकाश परावर्तित होऊन मोजणी बिघडते, म्हणून काही वेळाने आपोआप उडून जाणारा पांढरा मॅट फवारा वापरला. यानंतर जे करायचे ते अनेकदा चुकीच्या पायावर केले जाते: अंगाच्या पत्र्यावरूनच मध्यरेषा काढून एक बाजू दुसऱ्या बाजूवर उलटवली जाते. अंग स्वतःच असमान असेल तर ही मध्यरेषा फरकाची अर्धी अर्धी वाटणी करते आणि खरा फरक दोन्हीकडे विरघळून जातो. त्याऐवजी चेसिसवरील पुढच्या सस्पेन्शनचे जोडबिंदू आधार म्हणून घेतले. त्यांची तिरकी अंतरे आधी मोजून चेसिस सरळ असल्याची खात्री केली आणि मगच त्या बिंदूंवरून मध्यप्रतल ठरवले.

उजव्या बाजूची उलट प्रतिमा डाव्या बाजूवर ठेवल्यावर फरक दिसला तो दोन प्रकारचा. पुट्टीच्या पट्ट्यात तो अनियमित आणि मोठा होता. चाकाच्या कमानीजवळ आणि हेडलाइटच्या खोबणीच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे जिथे पत्रा मूळचा आणि रंग पातळ होता तिथे, फरक लहान पण सलग होता: डावे मडगार्ड उजव्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर आत वळलेले. पहिला फरक दुरुस्तीतून आलेला, दुसरा स्कालियेत्तीच्या कारखान्यातला. पहिला काढून टाकायचा आणि दुसरा तसाच ठेवायचा, हा या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता, आणि तो स्कॅनच्या रंगीत नकाशाने दिलेला नाही. तो जाडीमापक आणि आतून दिसणारा पत्रा यांच्याशी नकाशा ताडून पाहिल्यावर घेता आला.

ब्रॅकेटच्या छिद्रांनी पुढची गाठ सोडवली. नाकाच्या आतल्या बाजूचा जुना डांबरी लेप काढल्यावर एक मूळ छिद्र मिळाले; दुसरे वेल्डिंगने बुजवलेले होते, पण आतून त्याचा गोल शिक्का स्पष्ट होता. या दोन बिंदूंवरून बंपरची उंची आणि तो अंगापासून किती पुढे असावा हे ठरले. छायाचित्रांचा उपयोग मर्यादितच होता, कारण कॅमेऱ्याच्या कोनामुळे अंतरे फसवी होतात. तरी बंपरची वरची कड जाळीच्या तोंडाच्या कोणत्या पातळीवर येते हे पडताळून पाहण्यास ती पुरेशी ठरली.

उसन्या डाव्या बंपरची तुलना सर्वाधिक बोलकी निघाली. उजव्या बंपरच्या अस्पर्श भागाचा आडवा छेद, म्हणजे पुढच्या फुगवट्याची गोलाई, वरच्या-खालच्या मुडपलेल्या कडांची रुंदी आणि त्यांचा कोन, उसन्या बंपरच्या छेदाशी जवळजवळ तंतोतंत जुळला. वरून पाहिल्यावर दिसणारे वळण आणि लांबीभर येणारा पीळ मात्र दोघांत वेगळा होता. यावरून निघणारा निष्कर्ष सरळ होता: छेद समान साच्यातून आलेला, तर वळण प्रत्येक गाडीवर लावून ठाकठीक केलेले. त्यामुळे नव्या भागाचा छेद उसन्या बंपरवरून घेतला आणि वळण या गाडीच्या डाव्या बाजूवरून.

नाक आधी, बंपर नंतर

बंपर बनवण्यापूर्वी डाव्या नाकावरील पुट्टी उतरवून पत्रा हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या पोलादी ठोकळ्याने) मूळ पातळीवर आणला. मूळ पत्र्याच्या सुस्थितीतील दोन कडांमधून जाणारी वक्रता हाच इथे मार्गदर्शक होता. हे काम वाचायला दोन वाक्यांचे असले तरी वेळ यातच सर्वाधिक गेला. ते वगळून बंपर केला असता तर पुढे कधी नाक नीट करणाऱ्याला नवा बंपर टाकून द्यावा लागला असता.

मग संगणकावर छेद त्या वळणावरून फिरवून प्रतिकृती तयार केली आणि प्लास्टिकची त्रिमितीय छपाई करून ती गाडीवर लावली. पडद्यावर निर्दोष दिसणारी रेषा गाडीवर वेगळी दिसते, म्हणून ही पायरी टाळता येत नाही. उभे राहून, वाकून आणि दूरवरून पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. दोन्ही बंपरची आतली टोके जाळीच्या तोंडात समोरासमोर येत असल्यामुळे डोळा त्यांची एकाच वेळी तुलना करतो. तिथे उंची आणि आत शिरण्याचे अंतर दोन्हीकडे सारखेच दिसले पाहिजे. बाहेरची टोके कोणत्याही एका जागेवरून एकत्र नीट दिसत नाहीत, तिथे बंपरने आपल्या बाजूच्या मडगार्डशी इमान राखावे. आतल्या टोकाला सममिती आणि बाहेरच्या टोकाला अंगाशी समांतर फट, असा हा मेळ मधल्या भागात हलकेच जुळवावा लागला. प्रतिकृतीवर माती लावून, घासून रेषा पक्की केली आणि ती पुन्हा स्कॅन केली.

पत्र्यातील काम

मऊ, न फाटता ताणून खोलगट आकार देता येईल असा १.२ मिलिमीटर जाडीचा थंड लाटलेला पोलादी पत्रा निवडला. घन पॉलियुरेथेनच्या ठोकळ्यातून यंत्राने साचा कोरला, त्याच्या कडांना पोलादी पट्ट्या बसवल्या, कारण हातोडीच्या माराने नुसती कड झिजते आणि सगळी मापे हळूहळू सरकतात. साचा अंतिम आकारापेक्षा पत्र्याच्या जाडीइतका आत ठेवला.

पुढचा फुगवटा वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीने उठवून इंग्लिश व्हीलवर (दोन चाकांमध्ये पत्रा दाबून गोलाई देणाऱ्या यंत्रावर) एकसारखा केला. खरी कसोटी कडांची होती. बंपर बाहेरच्या बाजूने फुगलेला आणि कडा आतल्या बाजूला मुडपलेल्या, म्हणजे कडेचा पत्रा पुढच्या भागापेक्षा लहान त्रिज्येवर बसतो आणि त्याला आखडावे लागते. नुसता वाकवला तर तो चुण्या घेतो. आखडण्याच्या यंत्राने आणि जिथे यंत्र पोहोचत नाही तिथे उष्णता देऊन ठोकत ही लांबी कमी केली. कडांना काप देऊन जोडण्याचा सोपा मार्ग आहे, परंतु प्रत्येक जोड म्हणजे मुलाम्याच्या वेळी आम्ल शिरून बसण्याची संभाव्य जागा. सूक्ष्म छिद्रात अडकलेले आम्ल नंतर बाहेर येते आणि चकचकीत पृष्ठभागावर फोड उठवते. म्हणून जोड फक्त आतल्या टोकाच्या झाकणाला दिला. तो टिग वेल्डिंगने (टंगस्टनच्या टोकाने, निष्क्रिय वायूच्या आवरणाखाली), दोन्ही बाजूंनी पूर्ण वितळवून घेतला, कारण असा जोड मऊ राहतो आणि हातोडीखाली सपाट करता येतो.

ब्रॅकेट मागून वेल्ड केल्याने पुढचा पत्रा आत खेचला जातो आणि तो खळगा पॉलिशनंतरच उमटतो. हे टाळण्यासाठी ब्रॅकेट अंतिम ठोकणीच्या आधी, बंपर गाडीवरच धरून टाक्यांनी जोडले आणि नंतर बाकावर पक्के केले. त्यानंतर कानस आडवी-उभी फिरवून उंचसखल जागा शोधल्या. शेवटी पृष्ठभागावर तेलाचा हात फिरवून लांब नळीच्या दिव्याखाली प्रतिबिंबाची रेषा पाहिली. ती रेषा जिथे अडखळते तिथे क्रोम तो अडखळा दहापटीने दाखवणार हे निश्चित असते.

मुलामा

क्रोमचा थर दोष लपवतो ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिने अनेक चांगले भाग बिघडवले आहेत. शोभेच्या मुलाम्यात क्रोमचा थर मायक्रॉनच्या काही अंशाएवढाच असतो. चकाकी आणि गंजरोध यांचा खरा भार त्याखालच्या निकेलवर असतो आणि बारीक ओरखडे भरण्याचे काम त्याखालचे तांबे करते. तांब्याचा थर देऊन तो घासणे आणि पुन्हा थर देणे हे मुलाम्याच्या कारखान्यातील सर्वांत कौशल्याचे काम. तिथे बफिंग करणाऱ्याने घाई केली तर महिनाभर जपलेली कडेची धार काही मिनिटांत गोल होते. म्हणून कडांवर बफ किती वेळ आणि कोणत्या दिशेने चालवायचा हे तोंडी न सांगता छेदाचे पत्र्यात कापलेले फर्मे कारखान्याला दिले, जेणेकरून काम चालू असतानाच ते लावून पाहता यावेत.

विद्युत्प्रवाह टोके आणि कडा यांच्याकडे अधिक जातो, आतल्या खोबणीत कमी. परिणामी बंपरच्या पाठीला क्रोम जवळजवळ मिळत नाही आणि गंज नेहमी तिथूनच सुरू होतो. मुलाम्यानंतर पाठीला गंजरोधक प्राइमर आणि चंदेरी रंग दिला.

रसायनाची निवडही विचारपूर्वक करावी लागली. त्या काळातील क्रोम हेक्साव्हॅलंट, म्हणजे षट्संयोजी क्रोमियमच्या, पद्धतीचे होते. त्या पद्धतीत लागणारे क्रोमियम ट्रायऑक्साइड कर्करोगकारक असल्याने युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ नंतर ते परवानगीशिवाय वापरता येत नाही आणि अनेक कारखाने ट्रायव्हॅलंट, म्हणजे त्रिसंयोजी क्रोमियमच्या, पद्धतीकडे वळले आहेत. कामगारांच्या आरोग्याच्या दृष्टीने हा बदल योग्यच आहे. मात्र ट्रायव्हॅलंट क्रोमची झाक थोडी गडद पडू शकते. येथे आवश्यक परवानगी असलेल्या कारखान्यातून हेक्साव्हॅलंट मुलामा करून घेतला.

उजवा बंपरही त्याच टाकीत घालून दोन्ही एकसारखे करावेत का, यावर मालकांशी बरीच चर्चा झाली. दोन्ही चकाचक दिसले असते हे खरे. पण उजव्या बंपरच्या आतल्या दोन तृतीयांश भागावर पहिल्यापासूनचे क्रोम शाबूत होते आणि एकदा उतरवलेले मूळ क्रोम परत मिळत नाही. उजवा बंपर फक्त स्वच्छ करून मेण लावून ठेवावा हा माझा सल्ला मालकांनी मानला. सूर्यप्रकाशात निरखून पाहिल्यास नवा भाग थोडा अधिक टवटवीत दिसतो. हा फरक प्रामाणिक आहे.

नोंद आणि जोडणी

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा, म्हणजे फीव्हाचा, ट्यूरिन चार्टर असे सांगतो की पुनर्बांधणीत बदललेले भाग टिकाऊ खुणेने ओळखता आले पाहिजेत. त्यानुसार नव्या बंपरच्या खालच्या कडेवर आतून वर्षाचा आणि पुनर्निर्मितीचा ठसा मुलाम्यापूर्वीच उमटवला. गाडी उद्या प्रमाणपत्रासाठी फेरारी क्लासिके विभागाकडे गेली किंवा दुसऱ्याच्या मालकीची झाली तरी हा भाग मूळचा म्हणून पुढे केला जाऊ नये. स्कॅन, जाडीच्या नोंदी, पुट्टी उतरवल्यानंतरची छायाचित्रे आणि फर्मे हे सर्व गाडीच्या कागदपत्रांत ठेवले. साचा मालकांच्या स्वाधीन केला आणि त्यावर चेसिस क्रमांक लिहिला, कारण दुसऱ्या डिनोसाठी त्यातला छेद उपयोगी पडेल, वळण पडणार नाही.

जोडणी करताना आतला बोल्ट आधी सैल लावून जाळीच्या तोंडातील उंची जुळवली, मग बाहेरचा लावला आणि दोन्ही आळीपाळीने आवळले. बंपर कोणत्याही ठिकाणी हाताने दाबून धरावा लागला नाही. अंग आणि बंपर यांच्यामध्ये रबरी पट्टी दिली. काही शे किलोमीटर गाडी चालवल्यानंतर बंपर उतरवून तपासला असता बाहेरच्या टोकाजवळ पट्टीची कड रंगावर घासत असल्याचा पुसट माग दिसला. तेवढी कड तासून पट्टी पुन्हा बसवली आणि बोल्ट त्याच जोराने आवळले.